अतिरिक्त प्रभार

पर्यायरावांनी आयुष्यात एकच शब्द असा शोधून काढला, जो सरकारी धोरणात छापून आला. पुढे त्याच शब्दाने त्यांची गचांडी धरली.

पर्यायराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते सरकारच्या भाषांतर विभागात होते. त्यांच्यासमोर कोणी परका शब्द उच्चारला की ते तर्जनी वर करून म्हणायचे, “आपल्या भाषेत शब्द आहे की त्याला!” आणि तो शब्द सांगून मोकळे व्हायचे. बाकीच्यांना लिफ्ट चौथ्या मजल्यावर न्यायची, पर्यायरावांना उद्वाहन न्यायचं. आठवड्यातून दोनदा ते बंद पडायचं तेव्हा मात्र सगळ्यांना सारखंच चढावं लागायचं. इमारतीतल्या लोकांनी ऐकून ऐकून त्यांचं नाव पर्यायराव ठेवलं आणि त्यांनीही ते मानाचं पद समजून स्वीकारलं.

तर ‘स्वच्छ इंधन व वाहतूक धोरण’ आलं. मूळ मसुदा परक्या भाषेत, चौऱ्याऐंशी पानांचा. धुरामुळे शहराचा श्वास कोंडला आहे, सबब वाहनं विजेवर चालवावीत, वीज उन्हावर आणि वाऱ्यावर तयार करावी, असा त्याचा सारांश. म्हणणं खरं होतं. शहराचा श्वास खरोखरच कोंडला होता आणि ते समजायला चौऱ्याऐंशी पानं लागत नव्हती. कपडे वाळत घातले तरी कळत होतं. पर्यायरावांनी अकरा दिवसांत धोरण आपल्या भाषेत आणलं. अडले फक्त एका जागी. चार्जिंग.

“चार्जिंगच लिहा हो,” विभागप्रमुख म्हणाले. “पोरंसोरं म्हणतात, मोबाइल चार्जिंगला लावलाय.”

“आपल्या भाषेत शब्द आहे की त्याला!” पर्यायराव म्हणाले. “प्रभार. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. चार्जिंग पॉइंट म्हणजे प्रभार बिंदू. चार्ज देणे म्हणजे प्रभार देणे.”

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. “प्रभार म्हणजे खुर्चीचा ना? साहेब रजेवर गेले की दुसऱ्याच्या गळ्यात मारतात तो?”

“संदर्भावरून कळतं.”

“नक्की कळेल?”

“सुज्ञ वाचकाला कळतं.”

सरकारी धोरणाचा सुज्ञ वाचक कोण असतो, हे दोघांनाही माहीत होतं. पण जेवणाची सुट्टी व्हायची होती, म्हणून सही झाली. कलम बारा असं छापून आलं: ‘रहिवाशाने मागणी केल्यापासून तीस दिवसांत त्यास वाहनतळात प्रभार देणे बंधनकारक राहील.’ पर्यायरावांनी त्या पानाची एक प्रत घरी आणून बायकोला दाखवली. तिने ती वाचली आणि विचारलं, “म्हणजे काय?”

बायको शाळेत शिकवायची, म्हणून सगळी इमारत तिला बाई म्हणे. एकोणीस वर्षं सहशिक्षिका. मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी दोनदा तिचं नाव आलं आणि दोनदा कोणाच्या तरी मेहुणीने ती जागा नेली. तिसऱ्यांदा मात्र आदेश हातात पडला. शाळा तेवीस किलोमीटरवर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, टेकडीपलीकडे. एक तारखेला, सोमवारी सकाळी ठीक सात वाजता रुजू व्हावे, न झाल्यास यादीतील पुढील उमेदवाराचा विचार केला जाईल. यादीतली पुढची उमेदवार कोणाची मेहुणी होती ते बाईंना ठाऊक होतं.

त्या शाळेपर्यंत थेट जाणारी एकच बस होती, सकाळी पावणेसहाची. धोरण जाहीर झालं त्याच आठवड्यात ती बंद झाली. धूर सोडणाऱ्या बावीस बसगाड्या डेपोत गेल्या आणि त्यांच्या जागी येणाऱ्या विजेच्या बसगाड्या फोटोत आल्या. फोटोतल्या बसमध्ये बसून शाळेत जाता येत नाही, हे धोरणात कुठल्याही कलमात लिहिलेलं नव्हतं. दुसरी बस नऊची, तीही मध्ये एकदा बदलून. आणि रोज भाड्याची गाडी करून मुख्याध्यापिका होणं म्हणजे गाडीवाल्याच्या घरी नोकरी करण्यासारखं होतं.

“मी सोडेन तुला,” पर्यायराव म्हणाले. “विजेच्या स्कूटरने. धोरण आपल्या पाठीशी आहे.”

“तुमची जुनी स्कूटर काय वाईट आहे?”

“ती धूर सोडते. मी ज्या धोरणाचं भाषांतर केलं, त्याच धोरणाच्या तोंडावर धूर सोडू?”

जुनी स्कूटर दिली तर नवी विजेची सवलतीत मिळत होती. सोळा वर्षं एका लाथेत सुरू होणारी स्कूटर पर्यायरावांनी भंगारवाल्याच्या ताब्यात दिली. भंगारवाल्यासमोर त्यांनी हवेच्या शुद्धतेवर चार वाक्यं बोलूनही दाखवली. भंगारवाला म्हणाला, “आरसे काढून घेताय का ठेवताय?”

नवी स्कूटर दुकानातून पूर्ण भरून आली. रंग पांढरा, आवाज नाही. पर्यायरावांनी तीन दिवस ती गल्लीतून, बाजारातून, ऑफिसच्या दारावरून नुसती मिरवली. चौथ्या दिवशी सकाळी ती पार्किंगमध्ये मुकाट उभी राहिली ती राहिलीच.

पार्किंगच्या बरोबर वर, पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ड्रायव्हरकाका बसलेले असत. एकतीस वर्षं त्यांनी डिझेलची बस चालवली होती, आणि योगायोग असा की तीच, पावणेसहाची. आता निवृत्त. अंगातला बनियन आणि हातातलं वर्तमानपत्र सोडून त्यांचं बाकी काही हलत नसे. तोंड मात्र चालू.

“काय पर्यायराव, शिलाई मशीन बिघडलं का?”

“बिघडलेलं नाही. प्रभार संपलाय.”

“काय संपलंय?”

“प्रभार.”

“दम्याचं औषध असतं ना त्या नावाचं?” काकांनी विचारलं आणि पेपराचं पान उलटलं.

पर्यायरावांनी त्या दिवसापासून काकांशी बोलणं टाकलं. माणसाने अज्ञान सहन करावं, पण ते पहिल्या मजल्यावरून आलेलं सहन करू नये, असं त्यांचं मत पडलं.

स्कूटर चार्ज करायला पार्किंगमध्ये पॉइंट हवा. म्हणून ते इमारतीच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष तळमजल्यावर राहत, त्यांच्याकडे मोठी डिझेलची गाडी होती, आणि ती रोज सकाळी पंधरा मिनिटं जागच्या जागी सुरू ठेवून ते तिला ‘गरम’ करत. त्या पंधरा मिनिटांत इमारतीतल्या सगळ्या खिडक्या आपोआप बंद होत. अध्यक्षांचा समज असा, की लोक त्यांच्या शिस्तीला मान देऊन खिडक्या लावतात.

अध्यक्षांनी रविवारी बैठक बोलावली. पर्यायरावांना एक प्लग हवा होता. त्यांना अकरा घरांचा सल्ला मिळाला. एक जण म्हणाला, या गाड्या पेट घेतात. दुसरा म्हणाला, पेट घेत नाहीत, फुगतात. तिसऱ्याच्या साडूच्या गाडीने आधी फुगून मग पेट घेतला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, “आमच्या फ्रिजची वीज तुमच्या गाडीत जाणार का?” पर्यायरावांनी कलम बारा वाचून दाखवलं. ते ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण कोणालाच काही कळलं नव्हतं आणि कळलं नाही हे आधी कोणी म्हणायचं, असा प्रश्न होता.

“वीज कार्यालयाची परवानगी आणा,” अध्यक्ष म्हणाले, “मग आम्ही नाहरकत देतो.”

वीज कार्यालय म्हणालं, इमारतीची नाहरकत आणा, मग परवानगी देतो. पर्यायरावांना हे नवीन नव्हतं. अशी दोन्ही वाक्यं त्यांनी स्वतः अनेकदा भाषांतरित केली होती. पण कागदावर ती सुरेख दिसतात. उन्हात उभं राहून ऐकली की तितकी सुरेख वाटत नाहीत.

मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. घरातल्या, ऑफिसातल्या आणि मेहुण्याच्या अशा चार एक्स्टेन्शन वायरी एकमेकींत खोचून त्यांनी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली सोडल्या. एक्स्टेन्शनला त्यांच्याकडे शब्द होता, पण तो म्हणेपर्यंत वायर खाली पोचली.

“मासे लागतात का?” पहिल्या मजल्यावरून विचारणा झाली.

पहिला एक तास ठीक गेला. मग तिसऱ्या मजल्यावर कोणीतरी त्या वायरीवर ओला टॉवेल टाकला. दुसऱ्या मजल्यावर वायरीने कुंडी ओढून खाली घेतली. मग चारही वायरींचे सांधे तापले, शेवटचा वितळला, आणि ठप्प असा आवाज होऊन इमारतीची सगळी वीज गेली. त्या वेळी अध्यक्ष लिफ्टमध्ये होते. गच्चीवरची टाकी पाहायला निघाले होते. दोन मजल्यांच्या मधोमध चाळीस मिनिटं थांबले. बाहेर आले तेव्हा त्यांचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि ठराव तोंडात तयार होता: ‘यापुढे कोणीही दुसऱ्याच्या मजल्यावरून वायर नेऊ नये.’ ठरावाला अनुमोदन ओल्या टॉवेलवाल्यांनी दिलं. माणसाला लाज नसली की अनुमोदन देता येतं.

“आता?” बाईंनी विचारलं.

“आता कलम बारा,” पर्यायराव म्हणाले. “सरळ पालिकेच्या वाहनतळ विभागात अर्ज करतो. आज अर्ज केला तर तीस दिवस एक तारखेच्या आधीच्या शनिवारी पूर्ण होतात. सोमवारी तू रुजू.”

“अर्जात साधं लिहा. चार्जिंगचा पॉइंट पाहिजे म्हणून.”

“सरकारी अर्ज आहे. धोरणातल्या भाषेतच हवा.”

अर्ज एक पानी होता आणि त्यात एकही परका शब्द नव्हता. ‘महोदय, धोरणाच्या कलम बारानुसार, मी राहत असलेल्या इमारतीच्या वाहनतळात मला प्रभार मिळावा, ही नम्र विनंती. प्रभाराअभावी माझी मोठी कुचंबणा होत आहे.’

पालिकेच्या खिडकीतल्या बाईंनी तो वाचला, पुन्हा पर्यायरावांकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

“तुम्हालाच पाहिजे प्रभार?”

“हो.”

“स्वतःहून?”

“माझा हक्क आहे तो.”

खिडकीतल्या बाई उठून आत गेल्या. आतून तीन माणसं बाहेर येऊन पर्यायरावांना बघून गेली. एकाने हातही जोडले. पर्यायरावांना वाटलं, आपली भाषा भावली.

बाराव्या दिवशी आदेश आला. पर्यायरावांनी पाकीट उभ्या उभ्याच फोडलं आणि बाईंना हाक मारली. मग वाचता वाचता त्यांचा आवाज बारीक होत गेला. ‘…आपली विनंती मान्य करण्यात येत असून, धोरणाच्या कलम एकतीसनुसार आपल्या इमारतीच्या वाहनतळाचा अतिरिक्त प्रभार पुढील आदेश होईपर्यंत आपणाकडे सोपवण्यात येत आहे. आपण वाहनतळ प्रभारी या नात्याने सर्व वाहनांची इंधननिहाय नोंद ठेवावी, धुराची प्रमाणपत्रे तपासावीत, विनाकारण चालू ठेवलेली इंजिने बंद करावीत व दर सोमवारी अहवाल सादर करावा.’

बाईंनी आदेश हातात घेऊन शांतपणे वाचला. “एकतीस नंबरचं कलम काय आहे?”

“प्रत्येक इमारतीने एक वाहनतळ प्रभारी नेमावा. प्रभारीच्या लेखी परवानगीशिवाय वाहनतळातली कोणतीही सोय कोणी हलवू नये.”

“याचं भाषांतर कोणी केलं?”

पर्यायराव स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी ते प्रभार परत करायला गेले. खिडकीतल्या बाईंनी या वेळी त्यांना खुर्ची दिली.

“अहो, मला हा प्रभार नको होता. मला तो प्रभार हवा होता.”

“कोणता?”

“तारेतून येतो तो.”

“आदेश टपालानेच येतात, तारा बंद झाल्या,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या. “आणि साहेब, असं अर्ध्यात सोडू नका. सगळ्या शहरात स्वतःहून पुढे आलेले तुम्ही एकटेच आहात. वरती अहवाल गेलाय तुमचा. प्रतिसाद सुरू झाला, असं लिहिलंय.”

“पण मला सोडायचाय.”

“सोडा की. कोणाकडे देताय? घेणारा माणूस आणि त्याची सही आणा.”

प्रभार कोणी घेईना. इमारतीत मात्र बातमी लगेच पसरली. अध्यक्ष आदेशाची प्रत मागायला स्वतः चौथ्या मजल्यावर आले, आणि जिन्याने आले. लिफ्टवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

“तुम्ही माझ्या पाठीमागे पार्किंग ताब्यात घेतलंत,” ते धापा टाकत म्हणाले.

“मी फक्त विजेची सोय मागितली होती.”

“कागदावर प्रभार लिहिलंय. मी काय अडाणी आहे? बावीस वर्षं मी नोकरी केली. प्रभार म्हणजे काय ते मला कळतं!”

या एका बाबतीत अध्यक्षांचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं आणि त्यामुळेच पर्यायरावांना ते फार लागलं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कोणाच्या गाडीचा आरसा तुटला, पर्यायराव. कोणाच्या जागेत कोणाची सायकल, पर्यायराव. मांजर कोणाच्या टपावर झोपतं आणि पंजाचे ठसे कोणी पुसायचे, पर्यायराव. दुसऱ्या मजल्याच्या वहिनींनी कुंडीचा विषय प्रभारींकडे लेखी दिला, आणि कुंडी पाडणाऱ्यानेच कुंडीची चौकशी करायची वेळ आली. त्यांनी ती केली. स्वतःला समज देऊन सोडलं.

धोरणात लिहिलं होतं म्हणून एका सकाळी ते अध्यक्षांच्या गाडीसमोरही जाऊन उभे राहिले. गाडी घरघरत होती. धूर पर्यायरावांच्या पायजम्यातून आरपार जात होता.

“इंजिन बंद करा,” ते खोकत म्हणाले. “कलम एकतीस.”

“गरम होतंय.”

“विनाकारण चालू आहे.”

“गरम होणं हे कारण नाही का?”

गॅलरीतून काका म्हणाले, “अहो अध्यक्ष, एकतीस वर्षं डिझेल चालवलंय मी. गाडीला एक मिनिट पुरतं. बाकीची चौदा मिनिटं तुम्ही गरम होता.”

अध्यक्षांनी काच वर केली. पर्यायराव मनातून हसले. पण काकांशी अबोला होता, म्हणून त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. सोमवारच्या अहवालात त्यांनी लिहिलं: ‘एकूण वाहने चौदा. पैकी विजेवरील एक. ते बंद आहे.’

दिवस संपत आले. बाई आपली तयारी करत होत्या. त्यांनी रुजू व्हायची साडी इस्त्री करून ठेवली होती, आणि नवा डबा, नवं पेन, एकोणीस वर्षांच्या कागदांची फाइल असं सगळं एका पिशवीत भरलं होतं. ती पिशवी दाराजवळच्या स्टुलावर होती. पर्यायराव येता-जाता पिशवीकडे पाहायचे. बायको भांडली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायचं. भांडणाला उत्तर देता येतं. पिशवीला काय देणार?

तिसाव्या दिवशी, शनिवारी, पर्यायराव शेवटची तक्रार घेऊन खिडकीशी गेले. ‘तीस दिवस पूर्ण होऊनही मला प्रभार मिळालेला नाही.’ उत्तर हातोहात मिळालं. इतक्या झटपट काम झालेलं पालिकेच्या इमारतीने आधी पाहिलं नसेल.

‘आपणास प्रभार बाराव्या दिवशीच देण्यात आलेला असल्याचे अभिलेखावरून दिसून येते. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

पर्यायरावांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. वाक्यरचना निर्दोष होती. ‘सबब’ तर अगदी जागच्या जागी होता. चोवीस वर्षं त्यांनी असलीच वाक्यं लिहिली होती, आणि या वाक्यांच्या पलीकडे कोणीतरी कागद हातात धरून उभं असतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. म्हणजे स्वतःच तिथे उभं राहिल्यावर दिसलं. तोवर कोणालाच दिसत नाही, हाच या धंद्याचा गुण आहे.

घरी येऊन त्यांनी उत्तर बाईंपुढे ठेवलं.

“मी नकार कळवते,” बाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. पाऊण किलो तूरडाळ आणा म्हणताना असतो तसा. “रोजचा प्रश्न आहे. एक दिवस कसंतरी पोचून काय उपयोग?”

“थांब जरा. मी वरच्या कार्यालयात—”

“अहो, उद्या रविवार आहे.”

रविवारी दुपारी बाई खाली गेल्या. पर्यायराव मागोमाग गेले, पण चार पायऱ्या मागे. बाईंनी पहिल्या मजल्याची बेल वाजवली. दार उघडलं, ड्रायव्हरकाका बनियनमध्ये.

“काका, तुमच्या गॅलरीच्या खालीच आमची स्कूटर असते. तुमच्या घरातून वायर सोडून चार्ज करू का? उद्या मला पावणेसहाला निघायचंय. युनिट किती जातं ते बघून आम्ही देत जाऊ.”

काकांनी विचारलं, “एवढंच?”

“एवढंच.”

“अहो बाई, महिनाभर तुमचे हे रोज खाली येऊन स्कूटरपाशी उभे राहायचे आणि वर बघून कलमं म्हणायचे. मला वाटलं देवाला कबूल केलंय काहीतरी. एकदा तरी बोलले असते की काका, प्लग द्या, तर पहिल्याच दिवशी दिला असता.” मग जिन्यातल्या पर्यायरावांकडे मान वळवून, “काय प्रभारी, अबोला चालू आहे का संपला?”

“संपला,” पर्यायराव जिन्यातून म्हणाले.

काकांनी आतून वायर आणली. जाड, काळी, बोटभर जाडीची. “डेपोतली आहे. ही तापायची नाही. तुमच्या त्या चार दोऱ्या जोडल्या होत्यात ना, त्यावर माझा मोबाइलसुद्धा लावला नसता मी.”

वायर खाली आली, स्कूटरला लागली, हिरवा दिवा लुकलुकला. दिवा लागल्याबरोबर अध्यक्षही बाहेर आले.

“ठराव झालाय! वायर नेता येणार नाही!”

“दुसऱ्याच्या मजल्यावरून,” काका वरून म्हणाले. “ही माझ्या मजल्यावरून निघाली आणि थेट जमिनीवर गेली. मध्ये दुसऱ्याचा मजला कुठे आहे? दाखवा.”

अध्यक्षांनी मध्ये बघितलं. मध्ये हवाच होती. “मग मी खालून काढतो,” म्हणत ते प्लगकडे वळले.

“थांबा,” पर्यायराव म्हणाले. ते पायऱ्या उतरून स्कूटरच्या पुढे येऊन उभे राहिले. “कलम एकतीस. प्रभारीच्या लेखी परवानगीशिवाय वाहनतळातली कोणतीही सोय कोणीही हलवू नये.”

“आणि प्रभारी कोण?”

पर्यायरावांनी महिनाभरात पहिल्यांदा ताठ मानेने सांगितलं, “मी. अतिरिक्त.”

अध्यक्ष आत गेले. दार जरा जोरात लागलं, पण ते त्यांच्याच मजल्यावरचं होतं.

सोमवारी बरोबर पावणेसहाला स्कूटर निघाली. काका गॅलरीत उठून उभे होते. “बाजारातून नका जाऊ, कालव्याच्या कडेने जा, सपाट आहे,” त्यांनी बजावलं. “टेकडीला मात्र इलाज नाही. तिथे माझी बससुद्धा रडायची.”

बाई मागे पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. स्कूटरला आवाज नव्हता, त्यामुळे बाईंना मागून बोलता येत होतं आणि पर्यायरावांना ऐकू येत होतं, ही सोय धोरणात नमूद नव्हती. दुकानदाराने भरलेल्या बॅटरीवर ऐंशी किलोमीटर सांगितले होते. ते बहुधा बायको आणि टेकडी वगळून. चढ आला आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या रेघा उतरायला लागल्या. सहा. चार. तीन. माथ्यावर पोचेपर्यंत पर्यायराव पुढे वाकून बसले, जसं काही वाकल्याने वजन कमी होतं.

सहा वाजून बावन्न मिनिटांनी शाळेच्या फाटकाशी दोन रेघा शिल्लक होत्या. बाई उतरल्या, पदर सारखा केला, आणि मागे न बघता आत गेल्या. सातला घंटा झाली. कार्यालयाच्या खिडकीतून पर्यायरावांना दिसलं: बाईंनी रजिस्टर ओढलं, नवं पेन काढलं, सही केली, आणि त्या खुर्चीत बसल्या. खुर्ची जरा उंच होती. बसल्यावर त्यांनी मेजावरून एकदाच हात फिरवला.

पर्यायरावांनी रुमालाने डोळे टिपले आणि दोष प्रदूषणाला दिला.

मग त्यांना दोन रेघा आठवल्या. परतीला तेवीस किलोमीटर, आणि मध्ये तीच टेकडी. फाटकाच्या आत शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन बसला होता. वयस्कर, मिशी पांढरी, चेहरा सगळ्या मुख्याध्यापकांना पुरून उरल्यासारखा.

पर्यायराव त्याच्याजवळ गेले. “नमस्कार. इथे प्रभार मिळेल का?”

शिपायाने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “आत्ताच गेला. नव्या बाईंनी घेतला. सही झाली.”

“तो नव्हे. मला दुसरा हवाय. तीनच तास.”

“तीन तासांचा?” शिपाई उठूनच उभा राहिला. “साहेब, तीस वर्षं इथे आहे मी. रजेवर जाताना तीन दिवसांचा दिलेला पाहिलाय. तीन तासांचा कोणी देत नाही. आणि बाई तर आत्ता कुठे बसल्यात. तुम्हाला पाठवलं कोणी? त्या मेहुणीच्या बाजूचे का तुम्ही?”

“नाही, नाही! मी—” पर्यायरावांनी कार्यालयाच्या खिडकीकडे पाहिलं. बाई कोणाशी तरी बोलत होत्या. इकडेतिकडे ओळखीचं कोणी नव्हतं. ते शिपायाच्या कानाशी वाकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, “चार्जिंग. स्कूटरला.”

“हात्तिच्या!” शिपाई म्हणाला. “मग आपल्या भाषेत बोलायचं ना! या, पंपाच्या खोलीत बोर्ड आहे. रोज लावा. बाईंना घ्यायला यायचंच असेल तुम्हाला.”

त्याने खोली उघडली, झाडू बाजूला केला, बोर्डावरची धूळ तळव्याने पुसली. पर्यायराव स्कूटरची वायर उलगडत होते तेव्हा तो दाराला टेकून विचार करत होता.

“तो आधीचा शब्द काय म्हणालात हो? प्रभार? चार्जिंगला असं म्हणतात?”

“धोरणात आहे तसं.”

“कोणी काढला असेल असला शब्द?”

“असेल कोणीतरी,” पर्यायराव म्हणाले, आणि त्यांनी प्लग लावला.